मुख्य अर्जदार

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं निकष बदलण्यात गेली. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयाच्या ज्या शाखेत होतो, तिथे सरकारी घरं कोणाला कोणत्या क्रमाने मिळावीत याचे नियम तयार होत, आणि ते तयार झाले की लगेच त्यांच्यात सुधारणा सुरू होत. सुधारणेला कारण लागतं. खरं कारण बहुधा कुणाची तरी बदली किंवा बढती असे, पण फायलीवर ते 'प्रशासकीय सोय' या नावाने जाई. अशी टिपणं मी चांगली लिहीत असे. वरचे साहेब त्यांत एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करत आणि मग ते टिपण त्यांचं होई.

प्रत्येक सुधारणेच्या शेवटी आम्ही एक वाक्य न चुकता घालत असू: ज्यांचे अर्ज या तारखेपूर्वी आले आहेत, त्यांचा विचार जुन्या नियमांप्रमाणे होईल. त्यामागे दयाबुद्धी होती असं कुणी समजू नये. कोर्टाची भीती होती. पण वीस-बावीस वर्षं तेच वाक्य लिहून लिहून ते मला निसर्गनियमासारखं वाटायला लागलं होतं. पाणी उताराकडे जातं आणि जुन्या अर्जाला जुना नियम लागतो. माझ्या या समजुतीची किंमत मी मोजली नाही, ती धाकट्या बहिणीच्या घराने मोजली.

बहीण लग्नाआधी कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. मेहुणे कराडजवळच्या एका गावातले, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले. देशात नव्या गाड्या येऊ लागल्या तसे गाड्यांचे भाग बनवणारे कारखाने गुडगावात उभे राहिले, आणि त्यांतल्या एकाच्या ड्रॉइंग ऑफिसात ते लागले. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. ही दोघं गुडगावच्या एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर. सोसायटीचं नाव इंग्लंडातल्या एखाद्या बागेला शोभलं असतं. बाग अजून व्हायची होती. पाणी टँकरने येई, पण फाटकावरचा पहारेकरी मात्र दर वेळी कडक सॅल्यूट ठोकून माझं नाव वहीत लिहून घेई आणि दर वेळी चुकीचं लिही.

कॅनडाला जायची कल्पना मेहुण्यांची. त्यांचं दुखणं साधं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली इंजिनिअरिंगची मुलं दोन वर्षांत त्यांचीच साहेब होत, कारण मुलांकडे डिग्री आणि यांच्याकडे डिप्लोमा. कॅनडाच्या त्या वेळच्या नियमांत धंद्यांची एक यादी होती. तुम्ही कोणतं काम करता त्याला गुण. त्या यादीत मेहुण्यांचं काम होतं, तेही चांगल्या गुणांना. "दादा, पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय की तुला येतं काय," ते मला म्हणाले. हे सांगताना त्यांनी यादीचं पान असं धरलं होतं जसं काही त्यावर त्यांचं एकट्याचंच नाव छापलं आहे.

अर्ज भरला. बहिणीसाठी त्यात 'पत्नी' असा एक चौकोन होता. तिने तो पाच मिनिटांत भरला आणि चहा टाकायला उठली. तिला जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. वर्ष गेलं, दुसरं लागलं. मेहुणे अधूनमधून म्हणत की नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगची परीक्षा देता येते, देऊन टाकू का? नियम बदलणार अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती.

"कशाला उगीच?" मी म्हणालो. "तुमचा अर्ज आत गेलाय. जुन्याला जुनाच नियम."

"नक्की ना?"

"अहो, मी हेच तर लिहितो."

त्यांनी पुस्तकं परत केली.

नियम बदलले. धंद्यांची यादीच रद्द झाली. कोण काय काम करतो याला आता पूर्वीसारखं महत्त्व उरलं नव्हतं. कोण किती वर्षं शिकला, त्याला इंग्रजी किती येतं, त्याची बायको किती शिकली, असं सगळं मोजायचं ठरलं. पत्र आलं ते मेहुण्यांनी आधी माझ्याकडे आणलं, डॉक्टरकडे रिपोर्ट नेतात तसं. मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. माझं वाक्य मी शोधत होतो. ते वाक्य होतं. कॅनडाचे बाबूही शेवटी बाबूच. फक्त त्यांनी एक तारीख घातली होती आणि त्या तारखेच्या आत ज्यांचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं होतं त्यांनाच जुना नियम होता. आमचं पोचलं नव्हतं. अर्ज नव्याने तपासला जाणार होता आणि नवे कागद तीन महिन्यांत हवे होते.

"दादा, तुम्ही म्हणाला होतात ना," मेहुणे एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. टोमण्याचं खातं आमच्या घरात वेगळं आहे. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरं वाटायचे नियम आणि देश वाटायचे नियम एकच असतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या शनिवारी त्या दोघांना घेऊन नेहरू प्लेसला एका माणसाकडे गेलो. तो स्वतःला इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणवत असे, बाकीचे त्याला एजंट म्हणत. त्याच्या भिंतीवर चार घड्याळं होती, चारही परदेशी शहरांच्या नावाची. दिल्लीची वेळ हवी असेल तर मनगट बघायचं. खुर्ची मंत्र्याला लाजवेल अशी उंच होती आणि कॅनडा सरकारबद्दल बोलताना तो 'हम' म्हणे.

"इस बार हमने एजुकेशन पे ज़ोर दिया है," तो म्हणाला आणि मेहुण्यांचे गुण कॅल्क्युलेटरवर मांडू लागला. शिक्षण, वय, इंग्रजी, अनुभव. बेरीज झाली. त्याने पुन्हा केली. आकडा तोच आला आणि तो पुरत नव्हता.

"डिप्लोमा में मार खा गए, साहब."

मेहुणे बूट बघत बसले. तेवढ्यात फोन आला म्हणून एजंट त्यावर बोलला आणि फोन ठेवता ठेवता, काहीतरी विचारायचं म्हणून बहिणीला विचारलं, "मैडम क्या करती हैं?"

"टीचर हूँ. स्कूल में."

"पढ़ी कहाँ तक हैं?"

"एम.एस्सी. पहले कॉलेज में पढ़ाती थी. चार साल."

एजंटाचं बोट पुन्हा बटणांवर चालू लागलं. या वेळी त्याने बेरीज दोनदा केली ती आनंदाने. मग कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. काठावर, पण पास.

"तो सीधी बात. मैडम मेन एप्लिकेंट, साहब डिपेंडेंट."

मेहुणे हसले. आपण हसलो हे त्यांना जरा उशिरा कळलं. बहीण हसली नाही. ती कॅल्क्युलेटरकडे बघत होती.

"लाइए मैडम के पेपर," एजंट म्हणाला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. नुसतं आडनाव नाही. मुलगी बोहल्यावरून उतरेपर्यंत तिचं पहिलं नाव गेलेलं असतं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं आणि आडनाव तर जातंच. बहिणीचं माहेरचं नाव एका फुलाचं होतं, सासरी ठेवलं ते एका नदीचं. पदव्या, कॉलेजची नोकरी, सगळं फुलाच्या नावावर. पासपोर्ट, रेशन कार्ड, गुडगावच्या शाळेचा पगार, सगळं नदीच्या. दिल्लीत ते आजवर खपलं होतं, कारण मी राजपत्रित अधिकारी होतो आणि माझा शिक्का उमटला की एका बाईच्या दोन बायका झाल्या तरी कुणी हरकत घेत नसे. त्या शिक्क्याची हद्द पालम विमानतळाला संपते, हे तेव्हा लक्षात आलं.

एजंटाने एका हातात पदवी धरली आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट.

"इन दोनों औरतों में कॉमन क्या है?"

"मैं," बहीण म्हणाली.

"वो तो ठीक है मैडम, पर काग़ज़ पे? सरनेम बदलता है, सबका बदलता है. बीचवाला तो रख लेते!"

"बीच में पिताजी थे," मी खुलासा केला. "अब पति हैं."

"मद्रासवाले आते हैं, उनका सरनेम ही नहीं होता. मैं सोचता था इससे बड़ी मुसीबत क्या होगी." त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "आपके यहाँ तो पूरी औरत ही बदल देते हैं. जिसने पढ़ाई की उसका पासपोर्ट नहीं, जिसका पासपोर्ट है वो अनपढ़."

लग्नाची नोंदणी? झालेली नव्हती; कराडच्या हॉलमध्ये दोन हजार माणसं जेवली म्हणजे नोंद झाली, असं तेव्हा सगळेच समजत. पत्रिका? पत्रिकेत माहेरचंच नाव. नवं नाव केव्हा दिलं, कसं दिलं, त्याचा काही पुरावा? मेहुण्यांना एकदम आठवलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, त्याचा फोटो होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो आणला. ताट आहे, तांदूळ आहेत, मेहुण्यांचं बोट स्पष्ट आहे. अक्षरं फ्लॅशच्या उजेडाने खाल्ली होती.

"राइस पे लिखा था?" एजंट म्हणाला. "ओरिजिनल कहाँ है?"

"उसका भात हो गया," बहीण म्हणाली.

शेवटी त्याने उपाय सांगितला. राजपत्रात नावबदलाची जाहिरात, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, बहिणीचं प्रतिज्ञापत्र, माझं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सासरच्या ज्या वडीलधाऱ्या माणसाने नाव बदललं त्याचं शपथेवरचं निवेदन. राजपत्राचं मी माझ्याकडे घेतलं. आयुष्यभर त्यात मजकूर धाडला होता, रांगेत मात्र पहिल्यांदाच उभा राहिलो. माझ्या प्रतिज्ञापत्रात मी शपथेवर लिहिलं की अमुक आणि तमुक या दोन बायका एकच असून ती माझी सख्खी बहीण आहे. सरकारी भाषेत मी लिहिलेलं इतकं खरं वाक्य दुसरं आठवत नाही.

राहिलं सासूबाईंचं निवेदन. सासरे नव्हते, नाव सासूबाईंनीच ठेवलं होतं. आणि मुलाने देश सोडावा हे त्यांना पहिल्या दिवसापासून मंजूर नव्हतं. मुलाच्या नावाने अर्ज होता तोपर्यंत त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं. आता सगळं त्यांच्या सहीवर येऊन थांबलं होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर दुसरं कुणी नाव बदलल्याचं सांगू शकत नव्हतं आणि तीन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते.

फोन करायचा कोणी? मेहुण्यांनी रिसीव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि माझ्या हातात दिला. "दादा, तुम्हीच बोला. तुमचं ऐकेल ती." चूक केलेल्या माणसाला अशी कामं मिळतात.

मी सगळं समजावून सांगितलं.

"पाहुणे," त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं. मला येवढंच सांगा, अर्ज कुणाचा?"

"सूनबाईंचा."

"आन् माझा ल्योक?"

"ते तिच्याबरोबर."

"बरोबर म्हंजी कसा?"

फॉर्मवरच्या शब्दाचा अर्थ 'अवलंबून असलेला' असा होतो. मी मंत्रालयासाठी हजारो शब्दांची भाषांतरं केली होती. याचं केलं नाही. "जोडीदार म्हणून," मी म्हणालो.

"म्हंजी नवरीच्या मागनं नवरा. चांगली वरात हाय."

"मावशी, तुम्ही नाव बदललंत एवढंच लिहून हवंय."

"ते म्या घरात हाक माराया बदललं. सायबाला दाखवाया न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिचं आधीचं नाव काय वंगाळ न्हवतं. पर माझ्या जावेच्या लेकीचं बी तेच नाव. येका घरात दोन झाल्या तर घोटाळा व्हईल, म्हणून बदललं."

घोटाळा होऊ नये म्हणून. प्रशासकीय सोय. माझ्या धंद्यातलं माणूस मी लगेच ओळखतो.

"तिला द्या," त्या म्हणाल्या.

बहिणीने फोन घेतला. 'हो आई', 'नाही आई', 'जेवलो आई' असं थोडा वेळ चाललं. मग पलीकडे काय विचारलं गेलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ते अवघड असावं, कारण बहिणीने आधी मेहुण्यांकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

"मला जायचंय, आई," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी नाही. मलाच जायचंय. दहा वर्षं सहावीच्या मुलांना पानांचे आकार शिकवतेय."

अडीच वर्षं चाललेल्या या प्रकरणात तिने हे पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि तेही आमच्यापैकी कुणाला नाही, सासूला. मेहुणे खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

निवेदन अकराव्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने आलं. तहसील कचेरीतल्या लेखनिकाने नेहमीचा मजकूर लिहिला होता. त्याखाली सासूबाईंनी स्वतःच्या वळणदार, तिरक्या अक्षरात एक ओळ घातली होती: 'नाव मी बदलले. शिक्षण तिचे तिने केले, त्यात आमचा हात नाही.' त्याचं इंग्रजी भाषांतर मी केलं. मोह झाला, पण एक शब्दही सुधारला नाही.

कागद मुदतीच्या आत गेले. पुन्हा वाट पाहणं आलं. बहिणीने इंग्रजीची परीक्षा दिली. मेहुणे तिला परीक्षेच्या जागी सोडायला गेले आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरून परत आले. काही महिन्यांनी एजंटाचा फोन आला. तो इतक्या जोरात बोलत होता की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"मुबारक हो साहब! हमने पास मार्क नीचे कर दिया!"

उत्तीर्ण व्हायला लागणारे गुण कमी झाले होते. कदाचित पुरेसे अर्जदार उरले नसतील, कदाचित एखाद्या टिपणावर कुणी स्वल्पविराम हलवला असेल. कारण काहीही असो, नव्या आकड्याप्रमाणे मेहुणे आता स्वतःच्या डिप्लोमावर पास होत होते. एजंटाचं म्हणणं, त्यांच्या नावाने नवा अर्ज करावा आणि बहिणीचा मागे घ्यावा. वाट थोडी जास्त पाहावी लागेल, पण दोन नावांची भानगड नाही. साहेबांचं नाव जन्मापासून एकच.

त्या रविवारी आम्ही गुडगावला जेवायला गेलो. मी रीतसर दोन्ही बाजू मांडल्या आणि एजंटाचं बरोबर आहे असा निष्कर्ष काढला. बहिणीच्या अर्जात कुठल्याही टेबलावर कुणीही शंका काढू शकतो, मेहुण्यांच्यात नाही.

"दादा, मागच्या वेळी तुझा सल्ला ऐकला होता," बहीण पोळी लाटत म्हणाली.

"मग?"

"म्हणून या वेळी नाही."

माझी बायको खोकली. तो खोकला नव्हता.

मेहुणे ताटाकडे बघत म्हणाले, "पण आता नियम माझ्या बाजूने आहे. बिल्कुल क्लिअर आहे."

"आज आहे," ती म्हणाली. "अहो, पहिल्यांदा तुमच्या बाजूने होता, मग माझ्या झाला, आता परत तुमच्या. पुढच्या महिन्यात कुणाच्या असेल ते दादालाही सांगता येणार नाही, आणि तो तर नियम बनवतो. माझा कागद जिथवर पोचलाय तिथवर पोचलाय. मी तो मागे घेणार नाही."

"आणि नाकारला तर?"

"तर माझा नाकारला जाईल."

मेहुण्यांनी ताट सारलं, हात धुतले, आणि आतून अर्जाची फाइल आणली. नुकत्याच मागवल्या गेलेल्या एका फॉर्मवर त्यांची सही राहिली होती, सोबत जाणाऱ्याने करायची. ती ते दोन आठवडे टाळत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात करतात तशी लहान, सरळ सही केली आणि खाली तारीख घातली.

व्हिसा पुढच्या हिवाळ्यात आला. मधे एकदा दोन नावांबद्दल विचारणा झाली, तेव्हा सासूबाईंचं निवेदन पुन्हा पाठवावं लागलं; त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

नेहरू प्लेसच्या त्या ऑफिसात यशस्वी लोकांचे फोटो लावायची पद्धत होती. पासपोर्ट उघडून छातीशी धरायचा आणि हसायचं. पासपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा एजंटाने कॅमेरावाल्याला बोलावलं, मेहुण्यांचा खांदा धरून त्यांना कॅनडाच्या झेंड्यासमोर मधोमध उभं केलं आणि बहिणीला शेजारी सरकायला सांगितलं.

मेहुणे बाजूला झाले. "केस इनका है," ते म्हणाले. "मैं साथ में हूँ."

एजंटाने दोघांकडे पाहिलं, माणसं परत मांडली, आणि मग मला म्हणाला, "सर, आप ज़रा फ्रेम से बाहर."